मुळाशी काय असते?

बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात जनकाच्या सभेतला प्रसिद्ध वाद आहे. कुरू-पांचालांकडून आलेले विद्वान एकामागून एक याज्ञवल्क्याला प्रश्न विचारतात आणि गप्प होतात. शेवटी प्रश्न विचारण्याची पाळी याज्ञवल्क्यावर येते, आणि तो जे विचारतो ते एखाद्या माळ्यालाही सुचावे असे आहे. माणूस झाडासारखाच आहे, असे तो म्हणतो. केस ही पाने, कातडी ही साल, हाडे हे आतले लाकूड. झाड तोडले तर मुळापासून पुन्हा नवे फुटते. मग मृत्यूने तोडलेला माणूस कोणत्या मुळापासून फुटतो? रेतापासून असे म्हणू नका, अशी ताकीदही तो देतो, कारण रेत जिवंत माणसापासूनच येते. आणि मुळासकट उपटलेले झाड पुन्हा उगवत नाही, हेही तो सभेच्या लक्षात आणून देतो. सभेतले कोणीच बोलत नाही. उपनिषद ब्रह्माकडे बोट दाखवून तिथेच थांबते. आपण मात्र थांबलो नाही. देह म्हणजे पाने-फुले, आत्मा म्हणजे मूळ. पाने गळतात, मूळ टिकते, म्हणून शोक करू नये, असे उत्तर आपल्याकडे इतके रुळले आहे की ते कोणाच्या तोंडी प्रथम आले हे विचारायचेही कोणाला सुचत नाही. हा दृष्टान्त ज्या वनस्पतींवर बेतला आहे त्यांच्याकडे नीट पाहिले तर तो उलटा वाचावा लागतो, असे माझे म्हणणे आहे. मूळ अविनाशी नसते. ते नाशवंत पानांनी घडवलेले असते, आणि जे टिकते ते नष्ट होणाऱ्याच्या कष्टावर टिकते.

झाडावर हे पारखणे अवघड जाते, कारण झाडाचे खोड वर्षभर डोळ्यांसमोर उभे असते. पारख करायची तर दरवर्षी पूर्णपणे नाहीशी होणारी आणि दरवर्षी त्याच जागी परत येणारी वनस्पती घ्यावी. काळी मुसळी ही तशी आहे. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर, रानातल्या विरळ सावलीत, पहिले पाऊस जिरले की ती वर येते. पाने लांबट, घड्या पडल्यासारखी शिरांची, ताडामाडाच्या कोवळ्या रोपाची आठवण करून देणारी. त्यांच्या बुडाशी, जवळजवळ मातीला टेकून, सहा पाकळ्यांचे पिवळेजर्द फूल उमलते. रानवाटेने चालणारा वर पाहत असेल तर ते त्याला दिसणारही नाही. या फुलाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. देठासारखा जो भाग दिसतो तो देठ नव्हेच, ती बीजकोशाची लांबलेली बारीक मान असते. बीजकोश खाली, पानांच्या बुडाशी मातीत दडलेला असतो. फळ तिथेच लपून धरते, आणि त्यात काळ्या, तुकतुकीत बिया होतात. या वनस्पतीला आजचे शास्त्रीय नाव देणारा जर्मन शास्त्रज्ञ योझेफ गेर्टनर हा फळे आणि बिया यांचाच अभ्यासक होता. १७८८ साली त्याच विषयावरच्या ग्रंथात त्याने ते दिले. पाऊस सरला की पाने पिवळी पडतात, वाळतात, आणि उन्हाळ्यात त्या जागी काही होते याची खूणही उरत नाही. खाली मात्र एक सरळ उभा कंद असतो, बाहेरून काळपट, आतून पांढरा, चावला तर बुळबुळीत लागणारा. वैद्यांना हवा असतो तो हाच.

आता दृष्टान्त लावून पाहावा. पाने म्हणजे देह, कंद म्हणजे आत्मा. पाने गेली, कंद राहिला. इथवर जुळते. पण कंद आला कुठून? बी रुजले तेव्हा तो नव्हता. पहिल्या पावसाळ्यातल्या पानांनी उन्हातून, हवेतून आणि पाण्यातून जे अन्न केले त्यातले उरलेले खाली साठले, आणि त्यातून तो झाला. दुसऱ्या वर्षीच्या पानांनी त्यात भर घातली. अशा भूमिगत खोडांची रीतच अशी असते की वरचे टोक वाढत जाते आणि खालचा जुना भाग काळाने झिजून कुजून जातो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्याला आपण टिकणारा भाग म्हटले असते, त्यातले कदाचित आज काहीच शिल्लक नसेल. कंद टिकतो, पण न बदलता टिकत नाही; तो दरवर्षी एका टोकाने मरतो आणि दुसऱ्या टोकाने घडतो. आणि ते घडवणारी पाने, ज्यांना आपण वरवरची, चार महिन्यांची म्हणून हिशेबात धरत नाही, तीच त्याची एकमेव मिळकत असते. ज्याची पाने सलग काही वर्षे खुरडली किंवा जनावरांनी खाल्ली, तो कंद बारीक होत होत संपतो. अविनाशी म्हणावे असे त्यात काही सापडत नाही.

उपनिषदांत पुनर्जन्माची आणखी एक प्रतिमा आहे आणि ती वेगळी ठेवायला हवी. कठोपनिषदाच्या आरंभी नचिकेता बापाला म्हणतो की माणूस धान्यासारखा पिकतो आणि धान्यासारखाच पुन्हा जन्मतो. ही वार्षिक पिकाची प्रतिमा आहे. भाताचे रोप दाणे देऊन मरते. पुढच्या वर्षी उगवते ते त्याचे मूल, ते स्वतः नव्हे. दाणे पिकताच मरणाऱ्या वनस्पतींचा वर्ग मनुस्मृतीनेही वेगळा काढला आहे, आणि आयुर्वेदाच्या संहितांनीही. जुन्या लोकांना हा फरक चांगला ठाऊक होता. याज्ञवल्क्याने बीजाचे उत्तर आधीच बाद केले ते याच जाणिवेने, असे मला वाटते. मुलांच्या रूपाने माणूस उरतो, या उत्तराने त्याचे समाधान झाले नसते. त्याला तोच माणूस हवा होता. म्हणून प्रश्न मुळाचा होतो, आणि म्हणून बहुवर्षायू वनस्पतीच या प्रश्नाची खरी साक्षीदार ठरते.

यावर पहिला आक्षेप छांदोग्याच्या बाजूने येईल, आणि तो वजनदार आहे. सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला एक मोठा वृक्ष दाखवतो. त्याच्या मुळावर घाव घाला, मध्यावर घाला, शेंड्यावर घाला, रस गळेल पण तो जिवंत राहील, कारण त्याला जीवाने व्यापले आहे. जीव एक फांदी सोडतो तेव्हा ती सुकते, सगळा वृक्ष सोडतो तेव्हा सगळा सुकतो. जीवाने सोडलेले मरते, जीव मरत नाही. आक्षेप घेणारा म्हणेल: कंदातला पदार्थ बदलला तर बदलू दे, आम्ही त्याला आत्मा म्हणतच नाही, कंदात आणि पानात जो एकच जीव वावरतो, तो टिकतो. पण काळी मुसळीची लागवड करणारे या उत्तराला रोजच्या कामातून अडचणीत आणतात. ते कंदाचे लहान लहान तुकडे करतात आणि वेगवेगळे लावतात. ज्या तुकड्याला जिवंत डोळा आहे तो फुटतो. एका कंदापासून अनेक रोपे होतात, प्रत्येक पूर्ण, प्रत्येकाला पुढे आपले फूल. मग मूळचा एक जीव कोणत्या तुकड्यात गेला? एकाच तुकड्यात गेला म्हणावे तर बाकीचे कोणाच्या बळावर जगले? सगळ्यांत वाटला गेला म्हणावे तर ज्याचे तुकडे होत नाहीत असे आपण म्हणत होतो त्याचेच तुकडे झाले.

ही अडचण सगळ्यांत प्रामाणिकपणे स्वीकारली ती जैन आचार्यांनी. वनस्पतींचे त्यांनी दोन भेद केले: एका शरीरात एक जीव असलेली प्रत्येक वनस्पती, आणि एकाच शरीरात अनंत जीव एकत्र राहतात अशी साधारण वनस्पती. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात मुळा, आले यांसारखी कंदमुळे या दुसऱ्या वर्गात येतात, आणि दहाव्या शतकातल्या नेमिचंद्रांच्या गोम्मटसारात साधारण वनस्पतीच्या लक्षणांत एक लक्षण असे सांगितले आहे की तोडली तरी ती पुन्हा उगवते. हे लक्षण कोण्या ध्यानस्थ कल्पनेतून आलेले नाही, ते परसात आणि शेतात पाहिलेले आहे. तुकडा उगवतो, म्हणजे तुकड्यात जीव होता, म्हणजे अखंड कंदात आधीपासून पुष्कळ जीव होते. तर्क चोख आहे, आणि कंदमुळे न खाण्याचा जैनांचा नियम त्यावरच उभा आहे. मला तो पूर्ण पटत नाही, कारण तुकडे करण्यापूर्वी ते अनंत जीव एकच फूल काढत होते, एकाच वेळी पाने गाळत होते, आणि शेंडा शाबूत असेपर्यंत बाजूचे डोळे निजून राहत होते. शेंडा खुडला की त्यांतला एखादा जागा होतो. ही एकजूट अनेकांच्या गर्दीतून समजत नाही. तरी जैन उत्तराचा मान मोठा आहे. एक अखंड आत्मा आणि गळणारी पाने, हे सोपे चित्र कंदाला लागू पडत नाही, हे त्यांनी ओळखले आणि त्याची किंमत रोजच्या ताटात मोजली.

काळी मुसळीची पाने तर त्याहूनही पुढे जातात. लांब झालेले पान वाकून त्याचे टोक ओल्या मातीला टेकले, की तिथे मुळे फुटून नवे रोप होऊ शकते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जुन्या वस्त्रांचा दृष्टान्त आपल्या मनात इतका मुरला आहे की देह हे पांघरूण आणि आत पांघरणारा कोणी वेगळा, याखेरीज दुसरे चित्र सहसा उभे राहत नाही. इथे पांघरुणाच्या टोकातून पांघरणारा जन्माला येतो. पान हे जर नुसते वस्त्र असते तर त्यातून पुढे कंद, फूल, फळ असलेली अख्खी वनस्पती कशी निघाली असती? आजचा वाचक कदाचित म्हणेल की टिकते ते पेशींतल्या गुणसूत्रांतले लिखाण, तेच खरे मूळ. पण ते लिखाण सगळ्या तुकड्यांत आणि पानाच्या टोकातही सारखेच असते. ज्याची प्रत सर्वांकडे आहे त्याला या एका रोपाचा आत्मा म्हणता येणार नाही. शिवाय तेही दर पेशीविभाजनात नव्याने उतरवावेच लागते. जिथे हात घालावा तिथे न बदलणारी गाठ लागण्याऐवजी नवे काम चाललेले सापडते.

इथे बौद्ध पंडित म्हणेल की आम्ही हेच सांगत होतो. मिलिंदपञ्हात नागसेन मिनँडर राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याची उपमा देतो: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच नव्हे आणि वेगळीही नव्हे, प्रवाह मात्र अखंड. मला ही उपमा आत्म्याच्या उपमेपेक्षा सत्याच्या जवळची वाटते, पण कंदापुढे तीही अपुरी पडते. ज्योत काही साठवत नाही. पहिल्या प्रहरी ती मोठी होती म्हणून चौथ्या प्रहरी तिच्याजवळ अधिक काही असते असे नाही. उलट तेल कमीच झालेले असते. कंद साठवतो. बागेतला भुईचाफा हे अधिक ठळकपणे दाखवतो: ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, तो जमिनीतून थेट फुलतो, आणि ते सगळे फूल गेल्या पावसाळ्यातल्या, केव्हाच मातीत गेलेल्या पानांनी ठेवलेल्या ठेवीवर उमललेले असते. बौद्ध परंपरेतच याच्या अगदी जवळ पोहोचलेला एक विचार आहे. असंग आणि वसुबंधू यांच्या योगाचार संप्रदायाने आलयविज्ञान मानले: प्रत्येक कृती आपले बीज त्या कोठारात टाकते, पुढचे जीवन त्यातून उगवते, आणि ते कोठारही स्थिर नसून क्षणोक्षणी बदलत वाहत असते. टिकणारे आहे, पण नित्य नाही. आणि ते टिकते कारण नष्ट झालेल्या कृतींनी त्याला भरले आहे. याज्ञवल्क्याच्या प्रश्नाला भारतीय विचाराने दिलेल्या उत्तरांत मला हे सर्वांत खरे वाटते. त्यात एवढीच भर घालावी लागेल की कंद एकट्याच्या आत बंद नसतो. माती, पावसाचा वेळेवर येणारा ओलावा, मुळांशी राहणारी बुरशी, डोक्यावरच्या झाडांची सावली, यांतले एक हलले तरी ठेव आटते. कोठार मनात असले तरी त्याच्या भिंती बाहेरच्या जगाच्या आहेत.

अद्वैती यावर शांतपणे म्हणेल की हे सगळे आत्म्याला शिवतही नाही. आत्मा कंदात नाही, पानात नाही, प्रवाहात नाही. तो या सर्वांचा साक्षी आहे, आणि वनस्पतीचे तुकडे करून त्याचा निवाडा होणार नाही. हे मला मान्य आहे. साक्षी चैतन्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवावा लागेल आणि काळी मुसळी त्यात साक्ष देऊ शकत नाही. पण मग ती दुसऱ्या बाजूनेही साक्ष देऊ शकत नाही. शोकाच्या घरी, गरुडपुराणाच्या वाचनात, कीर्तनात, पाने गेली तरी मूळ राहते म्हणून आत्मा अमर, असे सांगितले जाते तेव्हा वनस्पतीची ती साक्ष काढून घ्यायला हवी. तिने असे कधीच म्हटलेले नाही. कोणी विचारेल, दुःखात बुडालेल्या माणसाच्या हातातला आधार काढून काय मिळवायचे? मला वाटते, खरे चित्र कमी आधाराचे नाही. गेलेल्या माणसाने रोज केलेली कामे, शिकवलेली रीत, दिलेला धाक आणि माया, हे सगळे चार महिन्यांच्या पानांसारखेच नाशवंत होते, आणि आज मागे राहिलेल्यांत जे काही टिकाऊ आहे ते त्यातूनच झाले आहे. देह नश्वर म्हणून तुच्छ, या जुन्या उपदेशापेक्षा यात त्या देहाच्या श्रमांचा मान अधिक आहे. ते संपले हे खोटे ठरत नाही, आणि ते वाया गेले नाहीत हेही खोटे ठरत नाही.

प्रतिमा चुकली तर वागणूकही चुकते, आणि बागेत ते लगेच दिसते. फूल सरले, आता या वाकड्यातिकड्या पानांचे काय काम, म्हणून कंदवर्गीय झाडांची हिरवी पाने कापून वाफा साफ करणारे पुष्कळ असतात. मूळ सुरक्षित आहे, मग पाने गेली तर काय बिघडले, असा त्यांचा विश्वास असतो. पुढच्या वर्षी फूल येत नाही किंवा खुरटे येते. पाने आपणहून पिवळी पडेपर्यंत ठेवावीत, हा माळ्यांचा साधा नियम आहे. काळी मुसळी कुंडीत किंवा झाडाखालच्या वाफ्यात, थोड्या सावलीत आणि पाणी न साचणाऱ्या भुसभुशीत मातीत चांगली वाढते. तिलाही पानांचा हा नियम लागू आहे. उन्हाळ्यात कुंडी रिकामी दिसते म्हणून ती उपडी करून माती दुसरीकडे वापरणे, हा तिच्या बाबतीतला दुसरा नेहमीचा अपघात.

रानात मात्र चूक उलट्या बाजूने होते. तिथे पानांना कोणी हात लावत नाही, मूळच नेले जाते. शक्तिवर्धक औषधांसाठी काळी मुसळीच्या कंदाला मागणी आहे आणि तिचा मोठा भाग अजून जंगलातून खणून येतो. केरळात दशपुष्पे म्हणून मानलेल्या दहा पवित्र वनस्पतींपैकी ती एक आहे. त्या मानापोटी तिचे फूल माळले तर कंदाचे काही बिघडत नाही, कंद काढला तर वर्षानुवर्षांची मिळकत एका दिवसात संपते. बौद्ध विनयात भिक्खूंना वनस्पती तोडण्याची मनाई करणारा नियम आहे, आणि तो सांगताना वनस्पतींचे पाच प्रकार त्या कशापासून उगवतात यावरून केले आहेत. मुळापासून उगवणाऱ्या त्यांत पहिल्या. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियमही हिरवे कोंब आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात या लोकांच्या तक्रारीवरून झाला. जैनांचा चातुर्मासही याच काळजीतला. काळी मुसळी नेमकी त्या महिन्यांत फुलते. जीव मरतच नाही, अशी ज्याची खात्री आहे त्याला उपटलेला कंद ही हानी वाटण्याचे कारण नाही. ज्याने मूळ कशाने घडते हे पाहिले आहे, त्याला ती हानी भरून न येणारी आहे हे दिसते, आणि उपटलेले पुन्हा उगवत नाही हे याज्ञवल्क्याने सभेत सांगितलेच होते.

म्हणून हे फूल आवडले तर रानातून खणून आणू नका. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकांत लागवडीची रोपे आणि कंदाचे तुकडे मिळतात, तेच घ्या. घरच्या कुंडीतला कंद कधी औषधासाठी काढलाच तर वरचा डोळ्याचा तुकडा परत मातीत लावा. आणि वैद्याकडून काळी मुसळीचे चूर्ण घेताना ते लागवडीचे आहे का, हे विचारा. विचारणारे वाढले तर लागवड करणारेही वाढतील.